बहात्तर तास आणि पाडव्याची वही



यंदाची, म्हणजे २०२५ ची दिवाळी ओल्या रानातली आहे. सप्टेंबरात सीना नदीचं पाणी धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा-भूमच्या शिवारात शिरलं. कुठं पीक गेलं, कुठं पिकाखालची मातीही. अशा वर्षी दिव्यांच्या उपमा जुळवत बसण्यापेक्षा एक जुना हिशेब काढावासा वाटतो.

ऑक्टोबर २०२०. सोयाबीन काढून बनमी लागल्या होत्या, काही रान अजून उभं होतं, आणि पावसानं गाठलं. शेंगेतच दाण्याला कोंब फुटले. प्रधानमंत्री पीक विमा योजनेचा नियम असा होता, की नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कंपनीला कळवायचं. शिवारात गुडघाभर चिखल, घरात वीज नाही, मोबाइल बंद. बांधावर रेंजची एखादी काडी आलीच, तर पुढं गट नंबर, पावतीचा क्रमांक, फोटो. ज्यांचं कळवणं राहिलं, त्यांची भरपाई अडकली. सरकारी पंचनाम्यात नुकसान झालेलं होतं. विम्याच्या कागदावर त्याच रानात काही घडलंच नव्हतं.

प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेलं. मे २०२२ मध्ये जिल्ह्यातल्या साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना भरपाई देण्याचा आदेश निघाला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. सप्टेंबरात तिथंही, आधी २०० कोटी भरा, असंच तिला ऐकावं लागलं. शेतकऱ्याची मुदत तासांत मोजली गेली, कंपनीची वर्षांत.

पैशाचं भांडण कोर्टात सुटतं. पण त्या दोन वर्षांत ‘तुमचं असं असं आहे’ हे समोर बसून सांगणारं कोण होतं?

आमच्या बाजारातला आडत्या काही संत नव्हे. तो काट्यात मारतो, भावात मारतो. पण माल भिजला तर तोंडावर सांगतो, “आबा, भाव लागणार न्हाई. आज उचल घ्या, हिशेब पाडव्याला करू.” आबा चार शिव्या हासडतात, पण बी-भरणाचं गणित त्याच रात्री नव्यानं मांडतात. वाईट बातमीसुद्धा वेळेवर मिळाली तर कामाला येते. आडत्या सांगतो, कारण पुढच्या बाजारी त्याच ओट्यावर गाठ पडायची असते. विमा कंपनी निविदेनं येते, मुदत संपली की निविदेनंच जाते. तिला पाडवा नाही, म्हणून वहीही नाही.

आणि सरकार तरी कुठं सांगतं? २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा आला, २०२५ मध्ये गेला. सोबत स्थानिक आपत्तीच्या, म्हणजे ७२ तासांत कळवायच्या, भरपाईची तरतूदही गेली. त्या खरिपात सगळी भिस्त पीक कापणी प्रयोगावर राहिली. एक रुपयाची जाहिरात गावोगाव पोचली होती. हा बदल तेवढ्या जोरात पोचला नाही. म्हणून यंदाही पाणी ओसरल्यावर पारावर विचारणारे भेटले, “फोटो कुठं टाकायचा?”

संकटात कंपनीनं गोड बोलावं, असं आमचं मागणं नाही. काय मिळेल, काय मिळणार नाही, कधी कळेल, आणि कळलं नाही तर कुणाच्या दारात जायचं, एवढं मराठीत, तालुक्याच्या गावी, माणसाच्या तोंडून कळावं. शेतकऱ्याला ७२ तास होते, तर कंपनीलाही ७२ तास. पैसे नंतर द्या. उत्तर आधी द्या.

हाच नियम आम्हालाही लागू. तेव्हा सांगून टाकतो: यंदा जाहिराती कमी आल्या, कागद महागला, म्हणून या दिवाळी अंकाची पानं घटवली आहेत. किंमत मात्र तीच ठेवावी लागली. दोन लेखकांचं मानधन राहिलं आहे; ते कधी देणार, हे त्यांना फोन करून सांगितलं आहे. तारीख वहीत लिहिली आहे.



— संपादक