बेब रूथच्या जर्सीचे तुकडे

बेब रूथ म्हणजे अमेरिकन बेसबॉलचा देवच. त्याची १९२५ सालची जर्सी डॉनरस या कार्ड कंपनीने अडीच लाख डॉलर्सहून जास्त मोजून लिलावात घेतली... आणि २००३ साली तिला चक्क कात्री लावली! तिचे सुमारे दोन हजार तुकडे झाले. एकेक तुकडा एकेका कार्डात बसवून ती पाकिटांतून विकायला काढली.

कंपनीचं म्हणणं असं, की अख्खी जर्सी एखाद्या श्रीमंताच्या कपाटात गेली असती, आता सामान्य चाहत्यालाही रूथचा धागा मिळेल. ऐकायला छान वाटतं, मलाही क्षणभर पटलं.

पण जर्सी अख्खी असते तेव्हा ती स्वतःच साक्ष देते. कॉलरमधली पट्टी, शिवलेलं नाव, रफू, जुन्या फोटोशी जुळणारा एखादा डाग. तुकडे केले की हे सगळे पुरावे गेले. हाती उरते नखाएवढी चिंधी आणि कंपनीचा शब्द.

आणि तो शब्द तरी पक्का कुठे? साध्या दुकानी जर्सी मळवून, 'खेळाडूने वापरलेल्या' म्हणून कार्ड कंपन्यांना विकल्याचा गुन्हा अमेरिकेत काही व्यापाऱ्यांनी २०१२ मध्ये कोर्टात कबूल केला. म्हणजे फसली कंपनीच, मग आपण चिंधीकडे बघून काय ओळखणार?

आपल्या आज्या लुगड्यांची गोधडी शिवायच्या, पण फाटल्यावर, आणि जोडण्यासाठी. इथे धडधाकट वस्त्र फाडलं, तेही विकण्यासाठी.

असो. तुम्हाला काय वाटतं?