खाली बसलेला माणूस

गणपतीआधी माळा झाडायचा, हा आमच्या घरचा जुना नेम. यंदा झाडताना आज्जाची लोखंडी ट्रंक खाली उतरवली. तळाशी धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला एक फोटो निघाला. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कडा वाळवीने खाल्लेल्या. खाली १९४९ साल.

आमच्या घरात आज्जाचा एकच फोटो. कोट घालून, खुर्चीत बसलेला. तो बाबांनी फ्रेम करून सोप्यात लावलेला. "वडील रेल्वेत मास्तर होते," असं बाबा आल्यागेल्याला सांगायचे. आम्हीही तेच ऐकलं आणि पुढे तेच सांगितलं. माझ्या लग्नाच्या बोलणीतही आज्जा स्टेशन मास्तरच होते.

ट्रंकेतल्या फोटोत पंधराएक माणसं होती. खुर्चीवर बसलेल्यांत आज्जा दिसेना, मागे उभ्या असलेल्यांतही दिसेना. शेवटी फोटो घेऊन टिळकवाडीला आत्तीकडे गेलो. तिचं वय आता शहाऐंशी. चष्मा पुसून तिने फोटोच्या अगदी खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हा बघ की तुझा आज्जा! खाली बसलाय."

फेटा, फेट्यावर बिल्ला, पाय अनवाणी. हातात वेताचं मोठं कडं.

"पण आत्ती, मास्तर खाली कसे बसतील?"

"मास्तर कुठला रे? पॉइंट्समन होता. तो सोप्यातला कोट स्टुडिओवाल्याचा!"

मग आत्ती तासभर बोलत राहिली. फोटो कॅसलरॉकचा. गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं तेव्हा आपल्या बाजूचं ते शेवटचं स्टेशन. तिथे कस्टमची तपासणी व्हायची. मग गाडी दूधसागरचा घाट उतरून गोव्यात जायची. मार्ग एकेरी. त्यामुळे पुढच्या स्टेशनपर्यंत रूळ मोकळा असल्याची खूण म्हणून यंत्रातून निघालेला गोळा ड्रायव्हरला द्यावा लागे. त्याशिवाय गाडी हलत नसे. तो गोळा ठेवायची पिशवी त्या वेताच्या कड्याला अडकवलेली असायची. न थांबणाऱ्या गाडीला आज्जा कडं उंच धरायचा आणि इंजिनावरचा माणूस त्यात हात घालून ते उचलायचा. मागचं कडं तो खाली टाकायचा, तेही झेलायचं.

आज्जाच्या उजव्या हातावर कोपराखाली काळा वळ होता. "वाघाने पंजा मारला," असं तो आम्हा पोरांना सांगायचा. कॅसलरॉकचं जंगल ठाऊक असल्यामुळे आम्हाला ते खरंच वाटायचं. तो वळ त्या कड्याचा होता, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

पावसात इरलं घेऊन, शिडीवर चढून सिग्नलच्या दिव्यात रॉकेल घालायचं कामही त्याचंच. १९५५ साली गोव्याची गाडी बंद झाली आणि बिऱ्हाड लोंढ्याला आलं. "त्याच पगारात तुझ्या बापाला मॅट्रिक केलं. अन् तुझ्या बापाने त्याला मास्तर केलं," आत्ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

बाबांवर मलाही रागावता आलं नाही. बँकेत टेबलाशी बसणाऱ्या मुलाला बापाचे अनवाणी पाय लपवावेसे वाटले असतील. पण फोटो त्यांनी फाडला नाही. जपून ठेवला, तोही आज्जाच्याच धोतरात.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. म्हटलं, "तुझ्या माहेरी खोटं सांगितलं होतं बघ." ती हसली. "मग आता सोयरीक मोडता की काय?" म्हणाली आणि स्वतःच खिळा शोधायला गेली. आता सोप्यात दोन फोटो आहेत. पाहुण्यांना मी आधी दुसरा दाखवतो.

चुटपुट एकाच गोष्टीची लागली. त्या पंधरा जणांत आत्तीला सहाच माणसं ओळखू आली. खुर्चीवरचे मास्तर तमिळ, शेजारचा पोर्टर कारवारकडचा, एवढं तिला आठवलं. बाकीची नावं आता कोण सांगणार? ती मीटरगेजही १९९०च्या दशकात गेली, तिथे ब्रॉडगेज आली.

तुमच्याही ट्रंकेत असा एखादा फोटो असेल. दिवाळीला घरची वडीलधारी माणसं एकत्र येतील, तेव्हा तो त्यांच्यापुढे ठेवा. कोण, कुठे, काय काम करत होता, ते विचारा आणि मागे शिसपेन्सिलने हलक्या हाताने लिहून ठेवा. खुर्चीवर बसलेल्यांची नावं तर लिहाच, पण खाली बसलेल्यांची आधी लिहा.