काचेच्या पेटीतले पिवळे पाणी

मासे पाळणे हा सर्वांत निरुपद्रवी छंद, असा आपला समज आहे. कुत्रा भुंकतो, मांजर ओरबाडते, पोपट घरातली भांडणे शेजाऱ्यांना ऐकवतो. मासा बिचारा काहीच करत नाही. दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्येही टीव्हीशेजारी एक काचेची पेटी मावते, नातवंडे रमतात, आणि रक्तदाब उतरतो म्हणून डॉक्टरही मान डोलावतात. त्यात फेंगशुईवाल्यांनी आठ सोनेरी आणि एक काळा असा हिशेब ठरवून दिला आहे. एखादा मासा मेलाच, तर घरावरचे संकट घेऊन गेला म्हणायचे, अशी सोयही त्यांनीच करून ठेवली आहे. त्यामुळे मासा कशाने मेला याची चौकशी सहसा होत नाही. लागोपाठ तीन मेले की मग मात्र होते, आणि ती होते दुकानात.

अशीच एक चौकशी मी माझ्या घराजवळच्या दुकानात उभा राहून ऐकली. एक बाई मुलाला घेऊन आल्या होत्या. माशाचे पंख कुरतडल्यासारखे झालेत, खात नाही, म्हणाल्या. दुकानदाराने जाळीतला मासा पिशवीत सोडता सोडता, मान वर न करता उपाय सांगितला: "केमिस्टकडून टेट्रासायक्लिनची कॅप्सूल आणा ताई, फोडून पाण्यात टाका. पाणी पिवळं होईल, घाबरू नका." कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू नये असे हे औषध. पण बाईंनी चिठ्ठीचे विचारले नाही, दुकानदाराने रोगाचे विचारले नाही, आणि केमिस्टही बहुधा काही विचारणार नव्हता.

दुकानदाराला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण गप्पीची एक जोडी वडापावाच्या किमतीत मिळते. तिला पशुवैद्याकडे कोण नेईल? मुंबईत वर्सोव्याला १९६१ पासून मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था आहे, रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. तिथल्या जाणकारांकडे पिशवीत एक गप्पी घेऊन कोणी गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही. मासा स्वस्त, कॅप्सूलही स्वस्त, आणि सल्ला फुकट. हा हिशेब जमतो म्हणूनच पाणी पिवळे होते.

आता त्या पिवळ्या पाण्यात काय घडते ते पाहू. गोड्या पाण्यातला मासा पाणी जवळजवळ पीतच नाही. म्हणजे औषध त्याच्या पोटात जाईल ही आशा फोल. कल्ल्यांवाटे जाईल तेवढेच, आणि ते औषधागणिक वेगळे. शिवाय टेट्रासायक्लिनची एक खोड अशी की पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम त्याला धरून ठेवतात. (दुधाबरोबर ही गोळी घेऊ नका असे डॉक्टर सांगत, ते याच कारणाने.) बोअरच्या जड पाण्यात म्हणूनच त्याचा जोर आणखी ओसरतो. माशाला पुरेशी मात्रा मिळत नाही, पण काचेवरच्या, खड्यांतल्या, फिल्टरच्या स्पंजातल्या असंख्य जिवाणूंना ती थोडी थोडी, दिवसचे दिवस मिळत राहते. दुबळे मरतात, चिवट उरतात. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने १९४५ साली नोबेल स्वीकारताना नेमका हाच इशारा दिला होता: जंतू मरणार नाहीत इतपतच औषध दिले, तर ते त्याला सरावतील.

फिल्टरमधले काही जिवाणू तर आपले नोकरच असतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्याचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करून हे जिवाणू पाणी राहण्याजोगे ठेवतात. औषधाच्या तडाख्यात तेही सापडू शकतात. मग अमोनिया वाढतो, मासे आणखी मलूल होतात, आणि दुकानदार सांगतो, अजून एक कॅप्सूल टाका.

गंमत म्हणजे पुष्कळदा रोग जिवाणूंचा नसतोच. अंगावर साखरेच्या कणांसारखे पांढरे ठिपके येतात ते एका परोपजीवीचे. त्यावर प्रतिजैविक म्हणजे ढेकणांवर डोकेदुखीची गोळी. तोंडाशी कापसासारखे दिसते ती कधी बुरशी असते, कधी जिवाणू, आणि नुसत्या डोळ्यांनी ओळखताना भलेभले फसतात.

चिवट जिवाणू पेटीतच राहिले असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण मासे आपल्याकडे कोलकात्याहून, चेन्नईच्या कोळत्तूरहून, काही तर थेट परदेशातून येतात. प्लास्टिकच्या पिशवीत ऑक्सिजन भरून, दाटीवाटीने, आणि वाटेत मरू नयेत म्हणून कधी पाण्यात औषध घालूनच. ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी असे मासे आणि त्यांच्या पिशवीतले पाणी तपासून २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. उष्ण प्रदेशातल्या गोड्या पाण्यातील शोभेच्या माशांमधून मिळालेल्या एरोमोनास जिवाणूंच्या ९४ नमुन्यांपैकी ४७ नमुने १५ किंवा त्याहून अधिक प्रतिजैविकांना दाद देत नव्हते. ही विद्या ते स्वतःपुरती ठेवत नाहीत. परीक्षेत हुशार मुलाने मागच्या बाकावर चिठ्ठी सरकवावी, तशी जनुकांची चिठ्ठी वेगळ्या जातीच्या जिवाणूकडेही सरकवली जाते.

ऑस्ट्रेलियात २००३-०४ मध्ये साल्मोनेला जावा या जिवाणूने लोक आजारी पडले, त्यांत लहान मुले बरीच होती. शोध घरातल्या माशांच्या टाक्यांपर्यंत पोचला. त्या जिवाणूवर अँपिसिलिन, क्लोरँफेनिकॉल, स्ट्रेप्टोमायसिन, सल्फा आणि टेट्रासायक्लिन ही पाचही औषधे चालत नव्हती. मुलांनी मासे खाल्ले नव्हते; टाकीत हात घातले होते.

याहून वेगळा एक जंतू आहे, मायकोबॅक्टेरियम मॅरिनम, क्षयाच्या जंतूचा चुलतभाऊ. हा काही कॅप्सूलमुळे बिघडलेला नव्हे, मूळचाच चिवट. बोटावरच्या खरचटलेल्या जागेतून शिरतो, काही आठवड्यांनी गाठ येते, आणि उपचार काही महिने चालतात. तेव्हा हातावरची गाठ हटत नसेल तर डॉक्टरांना "घरी मासे आहेत" हे आपणहून सांगावे. ते विचारतीलच असे नाही.

कोणी म्हणेल, माणसांना आणि कोंबड्यांना जेवढे औषध जाते, त्यापुढे फिशटँक म्हणजे किस झाड की पत्ती. मान्य. परंतु तिथे जीव वाचवायचा असतो किंवा पोट भरायचे असते. इथे तशी काहीच निकड नाही. आम्ही बँकेत 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' खाते उघडताना बजावत असू, की कोणाही एकाच्या सहीने पैसे निघतील. प्रतिजैविकांचे खाते तसलेच, फक्त सह्या कोट्यवधींच्या, आणि नवा भरणा फार क्वचित.

निर्यातीच्या कोळंबीत प्रतिजैविकाचा अंश सापडला तर युरोप माल परत पाठवते, म्हणून तिथे तपासणी होते. शोभेचा मासा कोणी खात नाही, त्यामुळे त्याच्या अंगात काय उरले हा प्रश्नच उद्भवत नाही. त्याचे पाणी मात्र आपल्याच मोरीत जाते.

करायचे ते फारसे अवघड नाही. मासे मोजके ठेवावेत, खाद्य चिमूटभरच घालावे, आणि दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावे; नळाच्या पाण्यातले क्लोरीन आधी घालवून. नवा मासा दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवावा आणि पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. नळी तोंडाने ओढून पाणी काढण्याची, रॉकेलच्या दिवसांपासून लागलेली आपली सवय सोडावी. टाकीचा स्पंज स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नये, आणि टाकीतून हात काढला की साबणाने धुवावा, नातवंडांचा तर आपल्यासमोर. मासा मलूल दिसला तर आधी पाणी तपासावे. अमोनिया मोजण्याचे संच मिळतात. प्रतिजैविकाची पाळी आलीच, तर ते पशुवैद्याने सांगावे, आणि तेही आजारी माशाला वेगळ्या भांड्यात.

काही मासे तरीही वाचत नाहीत. अशा वेळी त्याला दिवसेंदिवस तडफडत ठेवण्यापेक्षा, पशुवैद्याला प्रमाण विचारून, वेगळ्या भांड्यातल्या पाण्यात लवंगेचे तेल घालतात. आपण दाढ दुखली की लावतो तेच. आधी ते बाटलीत कोमट पाण्याबरोबर जोराने हलवून घ्यावे लागते, नाहीतर वर तरंगत राहते. मासा प्रथम झोपतो, मग श्वास थांबतो. मेलेला मासा मात्र टाकीत रात्रभर राहू देऊ नये. बाकीचे त्याला टोचून खातात, आणि रोग त्यांच्यात जातो.