आधी ब्रेक, मग रंग

सिलतऱ्यात खिडकीची कड सकाळी पुसली तर संध्याकाळपर्यंत पुन्हा बोट काळं होतं. स्पंज आयर्नच्या भट्ट्या आणि पोलाद वितळवणाऱ्या फर्नेस इथे शेजारी शेजारी आहेत. रायपूर-बिलासपूर रस्त्यावरून भनपुरी, बिरगाव मागे टाकलं की हवेचा वासच बदलतो. भंगाराने भरलेले ट्रक आत जातात आणि सळ्या, बिलेट घेऊन ट्रेलर बाहेर पडतात. जुनी मोटारसायकल दुरुस्त करायला मी याच गावाच्या कडेला घर घेतलं, याला काही जण वेडेपणा म्हणतात. पण लोखंडाचं मोल कळायला याहून बरी जागा मला तरी सापडली नसती.

गाडी आबांची. १९९१ सालची बुलेट, ३४६ सीसी, एमएच-११ पासिंग. आबा पशुसंवर्धन खात्यात होते. सातारा जिल्ह्यातली वाडी-वस्ती त्यांनी याच गाडीवरून पालथी घातली. ते गेल्यावर गाडी गोठ्यात पडून होती. मागच्या दिवाळीनंतर टाकी रिकामी केली, रेल्वेने बुक केली आणि इथे आणली. उतरवून घेतली त्या दिवशी एका भंगारवाल्याने न विचारताच भाव सांगितला. हिशेब साधारण साडेपाच हजारांपर्यंत गेला. मी एका वहीत पहिल्या पानावर लिहिलं, 'एकूण खर्च ३०,००० रुपये, एक रुपया जास्त नाही.' हा लेख त्या वहीबद्दल आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कमी पैशात जुनी गाडी उभी करता येते. पण त्या पैशाचा क्रम बहुतेक जण उलटा लावतात. आधी रंग, मग सायलेन्सर, मग हँडल आणि उरलं तर ब्रेक. मीही एकदा तसंच केलं होतं.

२००३ साली मी नवा लेफ्टनंट होतो. सुट्टीवर घरी आलो आणि आबांच्या गाडीला 'लूक' द्यायचं ठरवलं. मागचं मडगार्ड करवतीने अर्धं कापलं. मूळ सायलेन्सर विकून फटफटणारा मोकळा पाइप लावला. हँडल इतकं उंच केलं की चालवताना झाडाला लटकल्यासारखं वाटायचं. आबा ओट्यावर बसून बघत होते. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "ब्रेक बघितलास का रे?" मी बघितले नव्हते. पुढे तीन वर्षं त्यांनी ती गाडी तशीच चालवली. उंच हँडलने त्यांचे खांदे भरून यायचे, हे मला आईकडून फार उशिरा कळलं.

आता वहीकडे येतो. कामाला सुरुवात करताना एकही सुटा भाग विकत घेतला नाही. दोन रविवार नुसती गाडी उघडली. प्रत्येक टप्प्याचा फोनवर फोटो काढला, नट-बोल्ट अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवले आणि प्रत्येक खळग्याखाली चिठ्ठी लावली. जुन्या बुलेटवर बऱ्याच नट-बोल्टांचं माप इंचाचं आहे. मिलिमीटरचा पाना रेटला की नटाचे कोपरे झिजतात आणि मग छिन्नी लागते. म्हणून पहिली खरेदी इंची पान्यांच्या जुन्या संचाची. हत्यारांचा खर्च मी तीस हजारांत धरला नाही, कारण हत्यारं गाडीनंतरही राहतात.

टाकीत गंज होता. नवी टाकी घेण्याऐवजी आत मूठभर नट आणि सिरका टाकला. दोन दिवस मधूनमधून हलवत राहिलो. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, उन्हात कडकडीत वाळवली आणि आतून लगेच तेल फिरवलं. एकूण खर्च दोनशे रुपयांच्या आत. किरकोळ म्हणून तो वहीत चढवलाच नाही.

मग ज्यांनी जीव वाचतो ती कामं. टायर-ट्यूबची जोडी ४,८००. ब्रेक शूंना नवी लायनर आणि सगळ्या केबल १,५००. चेन-स्प्रॉकेट १,९००. नवी वायरिंग आणि बॅटरी २,७००. जुन्या गाडीत वायरिंगला जोड देत बसू नये. तीस वर्षांच्या जोडांनी कधीतरी रात्री हेडलाइट जातो आणि इथे रात्रीच ट्रेलर जास्त असतात. त्यानंतर इंजिन: बोअर करून नवा पिस्टन ४,५००, क्लच प्लेट १,२००, कार्ब्युरेटरचं किट, गॅस्केट आणि ऑइल मिळून १,३००. लेथचं काम १,८००.

लेथवाला गोंदियाचा. वीस वर्षांपासून इथेच आहे. रायपुरात मला मागच्या ब्रेकची पूर्ण प्लेट बदला म्हणून सांगितलं होतं. याने ब्रेक कॅम हातात धरून हलवला आणि म्हणाला, "साहेब, प्लेट कायले बदलता जी? बूश झिजला आहे फक्त. पितळेचा करून देतो." अर्ध्या तासात करून दिला. मग उंच हँडलकडे बघून विचारलं, "हे कोणी केलं जी?" मी म्हटलं, मीच. तो हसला नाही, म्हणून मला जास्त लाज वाटली.

आणि आता वहीतली मला सगळ्यात जास्त टोचणारी नोंद: मागचं मडगार्ड, सायलेन्सर आणि मूळ उंचीचं हँडल, जुन्या बाजारातून, ३,६००. म्हणजे २००३ साली मी हौसेने जे कापलं आणि विकलं ते परत मिळवायला बजेटचा आठवा हिस्सा गेला. सीटला १,५००. इथवर बेरीज २४,८००. रंगाला उरले ५,२००. तेवढ्यात टाकी आणि मडगार्ड काळ्या रंगात करून घेतले. फ्रेम मी घासून ब्रशने रंगवली. जवळून बघितली तर ब्रशचे पट्टे दिसतात. दिसू देत.

कोणी म्हणेल, मूळ तसंच ठेवायचं तर त्यात तुमचं काय? हौस म्हणून काही असतं की नाही? असतं. माझी अट एकच आहे. जो बदल उद्या दोन पान्यांनी परत काढता येईल तो करावा. सीट आपल्या पाठीला जमेल अशी करून घ्यावी, सामानाची पिशवी लावावी. करवत आणि वेल्डिंग लागलं की थांबावं. कायदाही याच बाजूचा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा ९ जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल असं सांगतो की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेला छेद देणारा बदल गाडीत करता येत नाही. रंग बदलला तरी नोंदणीत तसं लिहून घ्यावं लागतं. २०२१ च्या व्हिंटेज नियमांतसुद्धा पन्नास वर्षांवरच्या गाडीला मान मिळतो तो ती मूळ रूपात राखली असेल तरच. कापलेल्या गाडीला तिथे जागा नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. तीस हजारांत नव्या गाडीचं डाउन पेमेंट होतं. ती कमी पेट्रोल पिते, कमी धूर सोडते आणि किक न मारता सुरू होते. हे सगळं मान्य. रोज कामावर जायला गाडी हवी असेल तर नवीच घ्यावी. जुनी गाडी पैसे वाचवते असं सांगणारा एक तर ती विकत असतो किंवा त्याने वही ठेवलेली नसते. त्यात कागदपत्रांचा खर्च वेगळा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि त्याचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १,००० झालं. आमच्यासारख्या बदलीवाल्यांना वरून एनओसी. बारा महिन्यांहून जास्त दुसऱ्या राज्यात राहिलं की नवा नंबर. आबांचा एमएच-११ जाऊ नये म्हणून मी तारखा मोजत राहतो.

मग करायचं कशाला? याचं उत्तर मला एका कॅडेटमुळे मिळालं. सध्या माझी नेमणूक एनसीसीकडे आहे. आमच्या एका कॅडेटचे वडील इथल्याच एका फर्नेसवर काम करतात. पोराने आईने साठवलेल्या पैशातून जुनी शंभर सीसीची गाडी घेतली. पहिल्या महिन्यात तिला मोकळा सायलेन्सर, रंगीत रिम आणि एलईडीची माळ लावली. जुलैत पावसात हायवेवर पुढच्या ट्रेलरने ब्रेक लावला. याची गाडी थांबली नाही. गळपट्टीचं हाड मोडलं, जीव वाचला. गाडी त्याच लेथवाल्याकडे आली. त्याने मागचा ड्रम उघडून मला दाखवला. शूचं लायनर पूर्ण संपलं होतं, धातूवर धातू घासत होता. नवी लायनर बसवायला काही शे रुपये लागले असते. सायलेन्सर तीन हजारांचा होता आणि त्याला ओरखडाही नव्हता.

मी त्याला काही सुनावलं नाही. सुनावण्याचा हक्क मला नव्हता, २००३ सालचं मडगार्ड मला आठवत होतं. फक्त म्हटलं, प्लास्टर निघालं की रविवारी ये. तो आला. त्याला तिथे आमची फर्स्ट परेड शिकवली. लष्करात गाडी बाहेर काढण्याआधी ड्रायव्हर रोज हवा, तेल, बॅटरी, दिवे, ब्रेक तपासतो. वरिष्ठ बघत असो वा नसो. खडकवासल्याला तीन वर्षं सायकल सांभाळली तेव्हापासून ही सवय आमच्या अंगात मुरलेली असते, असं मी सांगत आलो. पण सुट्टीवर घरच्या गाडीपाशी ती सवय मी खुंटीला टांगून ठेवली होती, हेही त्याला सांगितलं. मग त्याच्याकडून बुलेटच्या पॉइंटचा गॅप करून घेतला, फीलर गेजने, ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. टॅपेटही दाखवले: इंजिन थंड असताना पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. पोरगा एक तास गप्प बसून करत होता. त्याच्या फोनकडे त्याने एकदाही बघितलं नाही.

घरी कमी पैशात गाडी उभी करण्याचा फायदा मला एवढाच दिसतो. पैसे कमी असले की कशाशिवाय चालेल आणि कशाशिवाय चालणार नाही, हे माणसाला स्वतः ठरवावं लागतं. हा निवाडा पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेता येत नाही. नवी गाडी घेणाऱ्यानेही एकदा तरी ब्रेकचा ड्रम उघडून बघावा. पोरांना बघायला लावावं.

एक काम मी मुद्दाम केलं नाही. या बुलेटचा गिअर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे आहे. तो उलटा करायची जोडणी बाजारात मिळते. नाही लावली. आबांचा पाय जिथे पडायचा तिथेच माझाही पडतो. पण म्हणून ही गाडी मी कोणाला चालवायला देत नाही, सवय नसलेला माणूस घाईत ब्रेकऐवजी गिअर दाबेल.

गेल्या रविवारी कॅडेट पुन्हा आला होता, त्याच्या दुरुस्त झालेल्या गाडीवर. सायलेन्सर मूळचा लावलाय. एलईडीची माळ आहे अजून. मी माळेबद्दल काही बोललो नाही. फक्त विचारलं, ब्रेक बघितलेस का? तो म्हणाला, "सर, सकाळीच."