वेठीला नेमकं कोण?

विमानातल्या कर्मचाऱ्यांनी कामाच्या तासांबद्दल तोंड उघडलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'हे लोक प्रवाशांना वेठीला धरतात.' वेठ म्हणजे काय, हे विसरल्याशिवाय हे वाक्य तोंडातून निघणार नाही. अंमलदार गावात आला की त्याचं ओझं फुकट वाहून न्यायचं, आणि परत कधी सोडायचं हे त्याने ठरवायचं, ही वेठ. अमेरिकेतल्या फ्लाइट अटेंडंटच्या करारांत ज्या कलमावरून सतत झगडा होतो, त्याचा विषय नेमका हाच आहे. ठरलेली ट्रिप कंपनीने मध्येच लांबवली, तर त्या जादा दिवसाचा मालक कोण आणि त्याची किंमत काय?

समजा, एकीचा बेस शिकागो आहे आणि घर सेंट लुईला. अमेरिकेत हे सर्रास चालतं. बेसच्या शहरात राहणं परवडत नाही, म्हणून लोक स्वतःच्या वेळेत विमानाने कामावर येतात. तिची ट्रिप सोमवारी सकाळी सुरू होऊन बुधवारी संध्याकाळी सहाला संपायची आहे. बुधवारी दुपारी डेन्व्हरला क्रू शेड्युलिंगचा फोन येतो: आणखी दोन उड्डाणं, रात्री ओमाहा, उद्या शिकागो. कागदावर हा एका दिवसाचा फरक. प्रत्यक्षात गुरुवार हातचा जातो, मुलांना सांभाळणाऱ्या बाईला जादा पैसे जातात. शिकागोला पोचायला उशीर झाला तर सेंट लुईची शेवटची फ्लाइटही निघून गेलेली असते, मग आणखी एक रात्र सहा-आठ जणींनी भाड्याने घेतलेल्या खोलीत काढायची, स्वतःच्या खर्चाने.

यावरचा पहिला पूर्वपक्ष असा: नोकरी पत्करताना हे माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण तिने ज्या कागदावर विश्वास ठेवला, त्यात आणखीही काही लिहिलेलं आहे. दर महिन्याचं रोस्टर सिनियॉरिटीप्रमाणे पसंती मागून मिळतं. रविवार मोकळा मिळावा म्हणून कुणी दहा-पंधरा वर्षं थांबलेली असते. नोकरीच्या अटींतली अनिश्चितता तिला लागू आणि निश्चितता मात्र कंपनीच्या सोयीपुरती, असा अर्थ लावायचा तर करार करायचाच कशाला?

दुसरा आक्षेप जास्त भारदस्त आहे. सुरक्षेसाठी सरकारी नियम आहेतच, वेगळ्या कलमाची गरज काय? नियम आहेत. एका ड्यूटीत नियोजित १४ तास, जादा माणसं घेतली तर २० पर्यंत, त्यानंतर सलग १० तास विश्रांती, आणि सात दिवसांत एकदा सलग २४ तास सुट्टी. ही विश्रांती आधी ९ तास होती आणि काही अटींवर ८ वर आणता येत असे. अमेरिकन संसदेने २०१८ मध्ये दहा तासांचा कायदा केला, पण प्रत्यक्ष नियम निघायला ऑक्टोबर २०२२ उजाडलं. चार वर्षं! आणि यातला 'नियोजित' हा शब्द नीट वाचावा. मर्यादा आहे ती वेळापत्रक आखण्यावर. विमान धावपट्टीवर तीन तास अडकलं तर दिवस त्याच्याही पुढे सरकतो. शिवाय हे नियम थकव्यापुरते आहेत. ओमाहाच्या हॉटेलात दहा तास मिळाले की सरकारचं समाधान झालं. गुरुवारी आईला दवाखान्यात न्यायचं होतं, हे कुठल्याच नियमाला विचारायचं नसतं. ते विचारायची जागा फक्त करार.

आता पैशाकडे येतो, कारण सगळं घोडं तिथे अडतं. बहुतेक प्रवाशांना ठाऊक नसतं, की अमेरिकेत फ्लाइट अटेंडंटचा मुख्य पगार परंपरेने दरवाजा बंद होऊन विमान हलल्यापासूनच मोजला जात आला. तुम्ही आत शिरता, ती तुमची बॅग वर चढवायला मदत करते, रडणाऱ्या मुलाला समजावते, आणीबाणीची साधनं तपासते, तेव्हा तिचं मीटर बंद असतं. बोर्डिंगच्या वेळेचे पैसे द्यायला डेल्टाने २०२२ मध्ये सुरुवात केली, तेही निम्म्या दराने. अमेरिकन एअरलाइन्सच्या अटेंडंटनी २०२४ च्या करारात ते मिळवले. विमानतळावर पाच तास ताटकळल्याबद्दल बहुधा जेवणखर्चाचा किरकोळ तासभत्ता मिळतो. काही करारांत किमान मोबदल्याची तरतूद असते, म्हणजे घराबाहेरच्या अमुक इतक्या तासांमागे निदान एका तासाचा पगार.

या हिशेबात ट्रिप लांबवणं कंपनीला जवळजवळ फुकट पडतं. जे फुकट पडतं ते वाटेल तितकं वापरलं जातं. म्हणून लांबलेल्या भागाला दीडपट-दुप्पट दर मागणाऱ्यांना लोभी म्हणणं मला अत्यंत अन्यायाचं वाटतं. तो दर म्हणजे कंपनीच्या हाताला घातलेला लगाम आहे. फोन उचलण्याआधी शेड्युलरने दोनदा विचार करावा, एवढीच त्याची करामत, आणि ती मोठी आहे.

'पण हिमवादळ काय कंपनीने आणलं?' नाही आणलं. वादळाचा दोष कुणाचाच नसतो, मग त्याचा भार एकटीने का वाहायचा? हिवाळ्यात शिकागोला बर्फ पडतो, ही बातमी नव्हे. अशा दिवसांसाठीच रिझर्व्हवर माणसं ठेवतात. ती कमी ठेवून वाचवलेला पैसा कंपनीचा, आणि कमी पडल्यावर जाणारा दिवस कर्मचाऱ्याचा, ही वाटणी कुठल्या न्यायात बसते? बारमाही मनुष्यबळटंचाईला 'आणीबाणी' म्हणायची सवय लागली की कराराच्या कलमातला तो शब्द रबरासारखा ताणता येतो. म्हणूनच आणीबाणीची व्याख्या कलमातच हवी.

डिसेंबर २०२२ आठवा. साउथवेस्टने नाताळच्या आसपास सुमारे १७ हजार उड्डाणं रद्द केली, २० लाखांवर प्रवासी अडकले. सुरुवात वादळाने झाली हे खरं, पण इतर कंपन्या सावरल्या आणि ही कोसळतच गेली, कारण कोण कर्मचारी कुठे आहे याचा हिशेबच तिच्या यंत्रणेला लागेना. माणसं होती, काम करायला तयार होती आणि आपला ठावठिकाणा कळवायला तासन् तास फोन धरून बसली होती. पुढच्या वर्षी सरकारने प्रवाशांच्या हालांबद्दल १४ कोटी डॉलरचा दंड ठोठावला. त्या आठवड्यात प्रवाशांना वेठीला कुणी धरलं होतं?

'पटलं नाही तर नकार द्या' असं सांगणाऱ्यांना तिथली कायद्याची चौकट माहीत नसावी. सुरक्षेचा किंवा थकव्याचा प्रश्न सोडला तर कामगार-कायद्यातलं तिथलं सूत्र आहे 'आधी उडा, मग तक्रार करा'. फोनवर नकार दिला तर तो आज्ञाभंग, कदाचित बडतर्फी. तक्रार लवादापुढे जाते आणि निकालाला महिनेच्या महिने लागतात. संपाची वाटही अरुंद आहे. रेल्वेसाठी केलेला १९२६ चा कायदा १९३६ मध्ये विमान कंपन्यांना लागू झाला. त्यानुसार मुदत उलटली तरी जुना करार चालूच राहतो, आणि सरकारी मध्यस्थ मंडळाने मोकळीक देऊन ३० दिवस उलटल्याशिवाय संप करता येत नाही. हुकूम तत्काळ, दाद वर्षभराने. अशा वेळी कलम मोघम असेल तर ते नसल्यातच जमा. जादा दर आपोआप लागू व्हायला हवा, गेलेली सुट्टी त्याच महिन्यात परत मिळायला हवी, आणि यासाठी कुणालाही लवादाची पायरी चढावी लागू नये.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. एअर इंडियाचं मुख्यालय मुंबईत होतं, तेव्हाची गोष्ट. पहिल्या गरोदरपणाबरोबर एअर होस्टेसची नोकरी संपवणारा तिचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये नर्गेश मिर्झा खटल्यात रद्द केला. पहिली चार वर्षं लग्न न करण्याची अट मात्र त्याच निकालात टिकली. गणवेश चढवला की घरच्या आयुष्यावरही मालकाचा हक्क, ही समजूत तिथेही होती आणि बुधवारच्या त्या फोनमागेही तीच आहे. आपल्याकडच्या खाजगी विमान कंपन्यांत तर असा सामूहिक करार फारसा दिसतच नाही. 'हवाई सुंदरी' हा शब्द आपण इतकी वर्षं चालवला, त्यात सौंदर्य होतं, काम कुठेच नव्हतं.

एक गोष्ट मान्य करतो. आडवळणाच्या विमानतळावर रात्री दहाला प्रवासी बसलेले आहेत आणि दुसरं कुणी मिळण्यासारखं नाही, तर जायलाच हवं. अमेरिकन नियमाने १७५ आसनांच्या विमानाला चार अटेंडंट लागतात. तीन असतील तर ते प्रवासी घेऊन उडत नाही. ही जबाबदारी त्या जाणतात आणि एरवीही निभावतात. प्रश्न आहे तो डेन्व्हरसारख्या ठिकाणचा, जिथे कंपनीचा स्वतःचा बेस आहे, रिझर्व्हवर माणसं आहेत, आणि तरी समोर उभ्या असलेल्या माणसालाच लांबवणं स्वस्त पडतं म्हणून तिलाच फोन जातो.

कलम नीट लिहिलेलं असेल तर त्या बुधवारी क्रम उलटा चालतो. आधी विचारणा होते, जादा दराने कोण खुशीने जाईल? अशी माणसं निघतात. कुणाला घराचा हप्ता भरायचा असतो, कुणाला सुट्टीत घरी बसवत नाही. कुणीच नसेल तर डेन्व्हरची रिझर्व्ह. तीही संपली, तरच ट्रिपवरच्या सगळ्यांत कनिष्ठ अटेंडंटला फोन, आणि तो रेकॉर्ड झालेला. ओमाहाचं विमान वेळेवर निघतं. शिकागोला सहा वाजता उतरून ती टर्मिनलभर धावते, आणि सेंट लुईची शेवटची फ्लाइट तिला मिळते.