मिरजेचे तीन गेज आणि न वाचता येणारे मराठी पान

१/ कोल्हापूरच्या पुरालेखागारातील दीडशे वर्षांपूर्वीचा मोडी कागद मी वाचू शकते. वेळ लागतो, एखाद्या अक्षरापाशी अडायला होते, पण वाचता येतो. मात्र वीस-बावीस वर्षांपूर्वी एका मराठी संकेतस्थळावर आलेला लेख मला वाचता येत नाही. पडद्यावर दिसतात त्या रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या निरर्थक ओळी. हे कसे घडले, याचा हा धागा.

२/ ब्राउझर कोणता वापरावा, हा प्रश्न आपण कोणत्या टपरीवर चहा घ्यावा इतकाच आवडीचा मानतो. माझे मत वेगळे आहे. मराठी कोणाला वाचता यावी आणि किती वर्षे वाचता यावी, हे एके काळी ब्राउझरने ठरवले. त्याची किंमत इतिहासाचे विद्यार्थी आज मोजत आहेत. परंतु आधी थोडे रेल्वेविषयी.

३/ आमच्या कबनूरला जवळचे रेल्वे स्थानक हातकणंगले. ते मिरज-कोल्हापूर मार्गावर आहे. हा मार्ग कोल्हापूर संस्थानाने स्वखर्चाने बांधला आणि तो १८९१ मध्ये खुला झाला. तो मीटरगेज होता, म्हणजे दोन रुळांतील अंतर १००० मिलिमीटर. पुण्याहून मुंबईकडे जाणारा मार्ग मात्र ब्रॉडगेज, म्हणजे १६७६ मिलिमीटर.

४/ परिणाम असा की कोल्हापूरची गाडी मुंबईस थेट जाऊ शकत नसे. पुण्यात उतरायचे, सामान उचलायचे, दुसऱ्या गाडीत बसायचे. गुळाचे रवे असोत की कापसाच्या गाठी, माल उतरवून पुन्हा चढवावा लागे. १९७१ मध्ये ब्रॉडगेज कोल्हापूरपर्यंत पोहोचला, तेव्हा हा खोळंबा संपला. म्हणजे तब्बल ऐंशी वर्षांनी.

५/ मिरजेची कथा तर याहून नवलाची. बार्शी लाईट रेल्वेचा ७६२ मिलिमीटरचा नॅरोगेज १९२७ मध्ये तेथे येऊन पोहोचला होता. १९७१ नंतर काही काळ एकाच मिरज स्थानकात ब्रॉड, मीटर आणि नॅरो असे तिन्ही गेज नांदत होते. स्थानक एक, पण एका रुळावरचा डबा दुसऱ्या रुळावर चालत नसे.

६/ हे कोणाच्या मूर्खपणामुळे झाले नाही. १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या सरकारने खर्च वाचवण्यासाठी मीटरगेजचा पुरस्कार केला, आणि त्या वेळी तो हिशेब व्यवहार्य वाटला होता. प्रत्येक निर्णय आपापल्या जागी शहाणपणाचाच होता. मोल मोजले ते जंक्शनवर हमालांनी आणि प्रवाशांनी. मराठीच्या संगणकीय इतिहासातही असेच एक जंक्शन आहे.

७/ १९९० च्या दशकात मराठी आंतरजालावर आली, तेव्हा सामान्य संगणकास देवनागरी ठाऊकच नव्हती. भारतीय लिपींसाठी इस्की हे मानक १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने स्वीकारले होते. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरीस स्थान होते. कागदावर मानके तयार होती, पण घराघरांतील विंडोज ९८ ला त्यांचा उपयोग नव्हता.

८/ मग तोडगा निघाला तो फॉन्टचा. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवायचे: एका घरात अर्धा क, दुसऱ्यात काना, तिसऱ्यात रफार. संगणकाच्या लेखी मजकूर रोमनच असे. फॉन्टचा मुखवटा चढवला की तो मराठी दिसे. मुखवटा काढला की उरे तो अर्थहीन कचरा.

९/ श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे डीव्हीबी-टीटी सुरेख व योगेश ही नावे डीटीपी केलेल्या पिढीस आजही तोंडपाठ असतील. प्रत्येक कुळाची घरे निराळी. एकात जेथे ‘म’ तेथे दुसऱ्यात ‘ष’ असू शके. एकच देवनागरी, पण तिच्या पोटात अनेक परस्परविसंगत बाराखड्या.

१०/ वाचकाने प्रत्येक संकेतस्थळासाठी वेगळा फॉन्ट उतरवून घ्यावा, ही अपेक्षा अवघड होती. म्हणून पानाबरोबर फॉन्टही आपोआप यावा अशी सोय निघाली. तिला डायनॅमिक फॉन्ट म्हणत. येथे ब्राउझरांचे भांडण आडवे आले. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररची फॉन्टफाईल एका प्रकारची, नेटस्केपची दुसऱ्या प्रकारची. एकाची दुसऱ्यात चालत नसे.

११/ आंतरजालाची समाईक मानके ठरवण्यासाठी डब्ल्यूथ्रीसी ही संस्था १९९४ पासून होती. परंतु बाजार जिंकण्याच्या चढाओढीत प्रत्येक कंपनी स्वतःचे रूळ टाकत राहिली. २००२-०३ च्या सुमारास जगातील दहांपैकी नऊंहून अधिक वाचक इंटरनेट एक्सप्लोरर वापरत होते. साहजिकच कित्येक मराठी संकेतस्थळांनी केवळ त्याच्यापुरतीच सोय केली.

१२/ नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली. मानकांशी ती अधिक प्रामाणिक होती, तरी तिच्यात ही मराठी पाने उघडली की कचरा दिसे. लिनक्स वापरणाऱ्यांचीही हीच गत. ‘पद्मा’ नावाचे एक जोडसाधन अशा पानांचे जागच्या जागी युनिकोडमध्ये रूपांतर करी. पुण्याच्या फलाटावरच्या हमालासारखेच ते काम: या डब्यातला माल उचलून त्या डब्यात.

१३/ युनिकोडची वाटही आरंभी सरळ नव्हती. विंडोज एक्सपीत जटिल लिपींची सोय वेगळी बसवावी लागे. नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसे आणि जोडाक्षरे सुटी पडत. ‘बॅट’मधला चंद्र ‘अ’वर देऊन होणारे ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले ते २००८ मध्ये. तरीही १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने हीच वाट धरली. तिची तेव्हाची पाने आजही कोणत्याही ब्राउझरमध्ये जशीच्या तशी वाचता येतात.

१४/ उलट डायनॅमिक फॉन्टची पाने पाहा. शोधयंत्रास ती मराठी म्हणून कधी कळलीच नाहीत. ‘ऊस’ शोधले तर उसावरचा लेख सापडत नसे. इंटरनेट अर्काइव्हने १९९६ पासून जगभरची पाने जतन केली, त्यांत यांतीलही काही असतील. परंतु एक्सप्लोररची फॉन्टफाईल सहसा मूळ संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असे. पान दुसरीकडे हलले की तिचे कुलूप उघडत नाही. त्यातही जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररच निवृत्त केला.

१५/ यावर एक आक्षेप योग्य आहे: रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत, मग रडगाणे कशाला? आहेत, आणि ती बनवणाऱ्यांचे ऋण मोठे आहे. पण आधी मूळ फॉन्ट कोणता हे ठाऊक हवे. तो कळला तरी जोडाक्षरे आणि रफार अनेकदा चुकतात. मोडीची बाराखडी शाळेत शिकवली जाई, ती सर्वांची होती. या फॉन्टांच्या बाराखड्या ज्याच्या त्याच्या मालकीच्या होत्या. लिपी जुनी झाल्याने कागद मुका होत नाही, तिची किल्ली हरवली की होतो.

१६/ दुसरा आक्षेप असा की तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. हेही मान्य. ज्यांनी त्या काळी मराठी पडद्यावर आणली त्यांना दोष देणे कृतघ्नपणाचे ठरेल. दोष आहे तो पुढच्या टप्प्याचा: मार्ग मिळाल्यावरही जुना माल नव्या गाडीत चढवला गेला नाही. केंद्र सरकारने युनिकोड हे ई-प्रशासनाचे मानक म्हणून २००९ मध्ये जाहीर केले. तरीही त्यानंतर कितीतरी वर्षे कार्यालयांतील मजकूर जुन्याच फॉन्टांत टंकला जात राहिला.

१७/ ‘आता हे सारे संपले’ असे म्हणणाऱ्यांना दक्षिण कोरियाचे उदाहरण सांगावेसे वाटते. तेथे ऑनलाइन बँकिंगची सुरक्षा इंटरनेट एक्सप्लोररच्या अ‍ॅक्टिव्हएक्सवर उभारली गेली. त्यामुळे इतकी प्रगत बाजारपेठ कित्येक वर्षे एकाच ब्राउझरला जखडून राहिली. आपल्याकडेही पदवीच्या पहिल्या वर्षी मी एका शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसले, तेव्हा पान केवळ इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उघडत होते. माझ्या मोबाइलवर तो ब्राउझर येणेच शक्य नव्हते. नेटकॅफेत दोन दिवस गेले. माझ्या एका मैत्रिणीची मुदतच टळली.

१८/ आज सूचना बदलली आहे, वृत्ती नाही. ‘कृपया क्रोममध्ये उघडा’ हे वाक्य सर्रास दिसते. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह ही नावे चार असली तरी आतले यंत्र एकच, ब्लिंक. निराळी उरलेली मोठी यंत्रे दोन: फायरफॉक्सचे गेको आणि सफारीचे वेबकिट. सगळीकडे एकच गेज झाला तर बरेच की, असे कोणी म्हणेल. पण ब्रॉडगेजचे माप कोणा एका गाडीवाल्याच्या मर्जीवर बदलत नाही. एकाच कंपनीच्या यंत्राला मानक समजणे म्हणजे रुळांचे माप गाडीवाल्याच्या हाती देणे.

१९/ आम्ही कबनूरकर यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलो. येथे सुताचा ‘काउंट’ लहान पोरासही माहीत असतो. चाळीस काउंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या चाळीस लडी. गिरणी कोइमतूरची असो वा कोल्हापूरची, अर्थ तोच. म्हणून कोणाचेही सूत कोणाच्याही मागावर चढते. मानक हे असे असते: त्यावर सर्वांचा हक्क, मालकी कोणाचीच नाही.

२०/ म्हणून तीन मागण्या. ज्या कंपन्यांनी ते फॉन्ट बनवले, त्यांनी त्यांच्या घरांचे तक्ते खुले करावेत. आज त्यांत व्यापारी गुपित फारसे उरलेले नाही. ज्या वृत्तपत्रांपाशी आणि कार्यालयांपाशी जुना मजकूर आहे, त्यांनी तो युनिकोडमध्ये आणावा आणि मूळ फाईलही जपावी. आणि कोणतेही सार्वजनिक संकेतस्थळ किमान दोन निराळ्या यंत्रांच्या ब्राउझरमध्ये तपासल्याशिवाय खुले करू नये.

२१/ आपण वाचकांनीही एक करावे. संगणकात दुसऱ्या यंत्राचा एक ब्राउझर ठेवावा, आणि त्यात एखादे सरकारी पान उघडले नाही तर मुकाट्याने क्रोमकडे वळण्याआधी तक्रार नोंदवावी. मोडी लिपीस २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. शिवकाळापासूनची लिपी उद्याच्या वाचकासाठी सुरक्षित झाली, आणि आपल्याच बालपणीचे मराठी पान मात्र कचरा होऊन पडले आहे.

२२/ आपल्या घरी जुन्या सीडीवर, फ्लॉपीवर अशा फॉन्टांतला मजकूर असेल: गावचा अहवाल, आजोबांच्या आठवणी, एखादा दिवाळी अंक. तो फेकू नका. फॉन्टचे नाव आठवत असेल तर आजच एका चिठ्ठीवर लिहून सीडीच्या पाकिटात ठेवा. उद्याच्या संशोधकासाठी ती चिठ्ठीच किल्ली ठरेल.