आई आली, कोडं मात्र सोपं झालं

मोबाइलवरच्या कोड्यांच्या खेळाचा पुढचा भाग आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: लेव्हल किती? पहिल्यात 10 होत्या, दुसऱ्यात 14 आहेत, म्हणजे पैसे वसूल. हा हिशेब मला कधीच पटला नाही. फुकट मिळणाऱ्या खेळांत हजारो लेव्हल असतात आणि पन्नासाव्या लेव्हलला जे डोकं चालवलं, तेच पाचशेव्या लेव्हललाही चालवावं लागतं. फक्त रंग बदललेले असतात. कोड्यात नवं काय, हे मोजायचं तर एकच गोष्ट पाहावी. आधी कधी केला नव्हता असा विचार या कोड्यानं करायला लावला का?

या कसोटीवर मला 'मॉन्युमेंट व्हॅली 2' घासून पाहायचा आहे, कारण त्याचा पहिला भाग माझ्या अतिशय आवडीचा आहे. लंडनच्या 'अस टू गेम्स'नं तो एप्रिल 2014 मध्ये आणला. त्याचा मुख्य रचनाकार केन वाँग. इडा नावाची पांढऱ्या पोशाखातली छोटीशी राजकन्या, मनोरे, जिने, पूल आणि पूर्ण शांतता. ना घड्याळ, ना गुण, ना हरण्याची भीती.

त्यामागची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. एखादी इमारत तिरकस कोनातून काढताना लांबच्या बाजू लहान केल्या नाहीत, जवळच्या बाजूंइतक्याच ठेवल्या, तर चित्रातली खोली डोळ्याला कळेनाशी होते. मग वरच्या गच्चीचं टोक आणि चार मजले खालच्या पुलाचं टोक चित्रात एकमेकांना चिकटलेलं दिसू शकतं. लायोनेल पेनरोज आणि त्यांचे चिरंजीव रॉजर पेनरोज (2020 चे नोबेल मानकरी) यांनी 1958 मध्ये अशा अशक्य आकृत्यांवर लेख लिहिला. डच चित्रकार एशर यांनी त्यावरून 1961 मध्ये 'वॉटरफॉल' हे चित्र केलं. त्यात पाणी उताराउतारानं वाहत जातं आणि पुन्हा धबधब्याच्या माथ्यावर पोचतं. खेळानं या चित्रांना एक नियम जोडला: जोडलेलं दिसलं, की ते जोडलेलंच आहे. तुम्ही बोटानं मनोऱ्याचा दांडा फिरवता, दोन तुटकी टोकं क्षणभर एका रेषेत येतात, आणि इडा त्यावरून सरळ चालत जाते. पहिल्यांदा हे घडतं तेव्हा आपणच घातलेली अट आपल्या डोळ्यानं मोडलेली असते. हा आनंद मला दुसऱ्या कुठल्या मोबाइल खेळात मिळालेला नाही.

आणि पहिला भाग त्या एका नियमावर बसून राहिला नाही. वाट अडवून ओरडणारे कावळे आले. पिवळा टोटेम आला, हातानं सरकवता येणारा, इडाला डोक्यावर घेऊन जाणारा खांब. शेवटाकडे एक पेटी येते. ती एका बाजूनं उघडली की आत एक जग दिसतं, मिटून दुसऱ्या बाजूनं उघडली की वेगळंच. जेमतेम दीड-दोन तासांच्या खेळात इतकं सगळं होतं.

जून 2017 मध्ये दुसरा भाग आला. यात रो नावाची आई आहे आणि तिची लहान मुलगी. पडद्यावर बोट टेकवलं की आई चालू लागते आणि मुलगी तिच्या मागोमाग. कधी दांडा फिरतो आणि दोघींची ताटातूट होते. पोर वरच्या कठड्यावर, आई खालच्या जिन्यात. आता पूल जुळवायचा तो दोघींना एकत्र आणण्यासाठी. जुळला की मुलगी धावत सुटते. इथं भूमितीला पहिल्यांदा माया चिकटते. पहिल्या भागात वाट सापडणं पुरेसं होतं. इथं वाट सापडूनही एक जीव मागं राहिला, तर कोडं सुटलेलं नसतं. पुढं आई मुलीला एकटीला पाठवते, आणि काही लेव्हल आपण केवळ आईबरोबर, काही केवळ मुलीबरोबर खेळतो. ही खरी नवी कल्पना होती. शब्दांचा फारसा आधार न घेता, केवळ कोण कुणाच्या मागे चालतं एवढ्यावरून मूल मोठं होताना दाखवणं सोपं नाही.

दुःख याचं, की रचनाकारांनी या कल्पनेचा पुरता उपयोग केलाच नाही. दोन पात्रं म्हणजे कोड्याला दोन टोकं. एकीनं कळ दाबून धरावी, दुसरीनं पलीकडे जावं, मग पहिलीला आणायचं कसं? अशी एखाद-दुसरी जागा येते, आणि तुम्ही सावरून बसता तोवर खेळ दोघींना वेगळं करून टाकतो. त्यानंतरची कोडी बरीचशी एकट्या व्यक्तीची, म्हणजे पहिल्याच भागातली. तीही हलकी केलेली. वाट अडवायला आता कुणी नाही. बहुतेक पडद्यांवर फिरवण्याजोगी एकच वस्तू असते. ती फिरवली की झालं. चित्रं मात्र आधीपेक्षाही देखणी आहेत, कुठलाही पडदा भिंतीवर लावावा असा.

हे असं का झालं असावं, याचा विचार करताना मला 2014 चा नोव्हेंबर आठवतो. पहिला भाग लहान आहे, आणखी हवं, अशी लोकांची मागणी होती. निर्मात्यांनी 8 नव्या लेव्हलचा 'फरगॉटन शोअर्स' हा विस्तार आणला आणि त्याला वेगळे पैसे ठेवले. खेळाच्या पानावर एका ताऱ्याच्या शेऱ्यांचा पाऊस पडला. पुढं त्यांनीच जाहीर केलेल्या आकड्यांनुसार मूळ खेळाला सुमारे साडेआठ लाख डॉलर लागले होते आणि या 8 लेव्हलना सुमारे साडेपाच लाख. हाताने घडवलेलं कोडं इतकं महाग पडतं. ते काढायला महिने लागतात आणि सोडवायला दहा मिनिटं. ग्राहक म्हणून आपण हे लक्षात घेत नाही, आणि वर लेव्हल मोजत बसतो. अशा वातावरणात निर्मात्यानं अवघड कोड्यापेक्षा सुंदर चित्राकडे झुकावं, हे मला समजतं. पटत नाही, पण समजतं.

पटत नाही, कारण पुढच्या भागात नवा विचार आणणं जमवून दाखवणारेही होते. इंग्लंडमधल्याच गिल्डफर्डच्या 'फायरप्रूफ गेम्स'नं 2012 मध्ये 'द रूम' काढला: एक नक्षीदार पेटी आणि तिच्यातले खटके, चाव्या, चोरकप्पे. पुढच्याच वर्षी 'द रूम टू' आला. बोटांचं काम तेच, पण पेटीऐवजी आता खोल्या. एका टेबलावर सापडलेली वस्तू दुसऱ्या टेबलावर लागू पडते, आणि मधली जागाच कोड्याचा भाग होते. ओळखीचं सारं शाबूत ठेवून विचाराचा आवाका वाढवला. पुढच्या भागाकडून मला एवढंच हवं असतं.

'मॉन्युमेंट व्हॅली'चा तिसरा भाग डिसेंबर 2024 मध्ये नेटफ्लिक्सवर आला. नूर नावाची दीपगृहातली शिकाऊ मुलगी, आणि तिच्यासोबत एक होडी. पण तो पुन्हा कधीतरी.

दुसरा भाग घ्यावा का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर असं: घरात आठ-दहा वर्षांचं मूल असेल तर जरूर घ्या आणि त्याला शेजारी बसवून खेळा, त्यातलं जे नवं आहे ते त्याला तुमच्याआधी कळेल. डोक्याला खुराक हवा असेल, तर मात्र 2014 चा 'फरगॉटन शोअर्स' घ्या. या मालिकेच्या पहिल्या दोन भागांतली सगळ्यात कसदार कोडी अजूनही तिथंच आहेत.